शॉर्ट लेगला ताई

आमच्या क्वार्टर्समध्ये घड्याळाची फारशी गरज पडत नसे. खडकीच्या कारखान्याचा भोंगा झाला की आप्पा सायकलवर टांग टाकत, दुपारचा झाला की आई तवा चढवी, आणि मधेच कधीतरी लांबून दारूगोळ्याच्या चाचणीचे दणके येत तेव्हा खिडकीच्या काचा थरथरत आणि मांडणीवरची पातेली एकमेकांना लागून किणकिणत. पाहुणे दचकत. आम्ही जेवत असलो तर जेवतच राहायचो. आप्पा कारखान्यात टर्नर होते. ते यवतमाळकडचे, आईही तिकडचीच, त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. पुण्यात इतकी वर्षं काढून आप्पांची भाषा इथल्यासारखी झाली होती, पण आई मात्र शेवटपर्यंत वऱ्हाडीच बोलली. शेजारच्या बायका तिच्या 'मले' आणि 'तुले'ला हसत, आणि ती त्यांच्या गुळचट आमटीला नाक मुरडी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, झणझणीत झुणका आणि कच्चा कांदा. मॅच असली की त्याच भाकरीत ठेचा घालून गुंडाळून मिळे. बाकीच्या मुलींच्या डब्यात सँडविच असायची, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या आमचा डबा मागून न्यायच्या.

मी पुढे देशाच्या संघाची कॅप्टन झाले, ते लोकांना ठाऊक आहे. माझ्या भिंतीवर फोटो आहेत, कपाटात चषक आहेत, आणि हल्ली एखाद्या समारंभात मला पहिल्या रांगेत बसवतात. मुलाखत घेणारी मुलं विचारतात, "मॅडम, टर्निंग पॉइंट कोणता?" मी परदेशातल्या एखाद्या मॅचचं नाव सांगते, ती लिहून घेतात. खरं म्हणजे ते सगळं ठरलं मी राज्याच्या संघाची कॅप्टन असताना, पुण्यातच, एका ढगाळ दुपारी. त्याबद्दल मी कुणाशी बोललेली नाही, कारण ती गोष्ट निम्मी ताईची आहे आणि ताईनं मला कधी परवानगी दिली नव्हती. गेल्या महिन्यात तिनं दिली. म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नकोस."

ताई म्हणजे शालन, माझी मोठी बहीण. मला क्रिकेट तिनं शिकवलं. क्वार्टर्सच्या मैदानावर पोरांशी भांडून तिनं आमची जागा मिळवली होती. ती ओपनिंगला जायची, सरळ बॅटनं खेळायची, आणि मी ऑफस्पिन टाकायला लागले ती केवळ तिला बॅटिंगचा सराव हवा होता म्हणून. आमचे पांढरे स्कर्ट आईनं आप्पांच्या एका नातलगाच्या जुन्या चादरीतून शिवले होते. आईचा क्रिकेटला विरोध नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की ज्या पोरीला घरात धड चालता येत नाही ती मैदानात काय पळणार. कारण ताई घरात सारखी धडपडायची. मोरीतली बादली लवंडायची, दारात बसलेल्या आईच्या सुपाला पाय लागून तांदूळ सांडायचे, शेजारून कुणी पाण्याचा पेला पुढे केला तर तिचा हात त्यावरच आदळायचा. आई मग सुरू व्हायची. "डोये काय टाकीवर ठेवून आली काय वं? एवढी मोठी बादली दिसत नाही तुले?" हे आमच्या घरचं रोजचं होतं. ताई फडकं घेऊन पुसायला लागायची.

मला पहिल्यांदा शंका आली ती संध्याकाळच्या सरावाला. दिवस मावळायला आला, की ताई पॅड सोडायला लागायची. कधी डोकं दुखतंय, कधी क्लासला जायचंय. आमचे कोच मोघे सर कडक होते, त्यांना हे आवडायचं नाही. एकदा त्यांनी तिला थांबवून घेतलं आणि कॅचेसचा सराव दिला. उंच उडवलेला पहिला बॉल तिच्या मागे पडला, दुसरा खांद्यावर बसला. तिसऱ्याला ती भलतीकडेच धावली. सर म्हणाले, "शालनबाई, लक्ष घरी विसरलात का?" सगळ्या हसल्या. घरी येताना आम्ही दोघी सायकली हातात धरून चालत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की ताई एका हातानं माझ्या सायकलचं कॅरिअर धरून चालते आहे. मी मुद्दाम जरा बाजूला झाले. ती जागच्या जागी थांबली. पुढे एकही पाऊल टाकेना.

"कुंदा," ती म्हणाली, "कुठे आहेस?"

मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते.

त्यानंतर तिनं मला सांगितलं. संध्याकाळी नीट दिसत नाही हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. सगळ्यांनाच तसं होत असेल असं तिला आधी वाटायचं. आता गेल्या वर्षापासून दिवसासुद्धा बाजूचं दिसेनासं झालं होतं. समोरचं मात्र स्वच्छ. "बोलरच्या हातातल्या बॉलचे टाके मोजून दाखवीन," ती म्हणाली. अशक्तपणा असेल, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून ती गाजरं खात होती, मागच्या चाळीतल्या साबळेकाकूंच्या शेवग्याचा पाला मागून आणून त्याची भाजी करायला लावत होती. आईला ते तिचं खूळ वाटायचं. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. तिनं माझा दंड धरला. "एवढा सीझन होऊ दे. डॉक्टरकडे गेले की आधी खेळ बंद, मग लग्नाच्या गोष्टी, आणि मग आंधळी म्हणून लग्नही नाही. तू कुणाला सांगायचं नाहीस." मी हो म्हटलं. तिच्यापुढे नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

त्या सीझनला राज्याचा संघ जाहीर झाला आणि कॅप्टन म्हणून माझं नाव आलं. सगळे समजून चालले होते की ताईच होणार. निवड करणाऱ्यांना तिचे सुटलेले कॅचेस खुपत होते, धावबाद होणं खुपत होतं. तिच्यात गांभीर्य नाही असं कुणीतरी म्हणालं होतं. आप्पांनी पेढे आणले, पण वाटताना ते ताईकडे बघत नव्हते. ताईनं पेढा घेतला, निम्मा खाल्ला, आणि मला म्हणाली, "टॉस जिंकलीस तर बॅटिंग घे. मला उजेडात खेळायचंय." अभिनंदन तिनं केलंच नाही. पण दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली ती सगळं ठरवून. लांब फील्डिंगला उभी राहिली की तिचे हाल होत, म्हणून तिला जवळची जागा हवी होती. फॉरवर्ड शॉर्ट लेग. म्हणजे बॅट्समनच्या अगदी पुढ्यात, ओणवं होऊन उभं राहायचं, बॅटला लागून उडालेला बॉल वरच्या वर टिपायचा. त्या काळी आम्हाला हेल्मेट ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "तिथे सगळं समोर असतं. दुसरीकडे बघावंच लागत नाही." मला ते पटलं नाही, आणि पटलं नाही हे मी बोलूनही दाखवलं. पण ती म्हणाली, "तू कॅप्टन झालीस म्हणून मला खेळ शिकवणार का?" आणि मी तिला ती जागा दिली.

गंमत अशी, की पहिल्या दोन मॅचमध्ये तिनं तिथे सुंदर कॅचेस घेतले, तेही माझ्याच बोलिंगवर. मोघे सर खूश झाले. मलाही वाटायला लागलं की निभेल.

सेमीफायनल पुण्यातच होती. आप्पा रजा टाकून आले होते. आई आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघायला आली होती, पदर घट्ट आवळून तंबूच्या कडेला खुर्चीवर बसली होती. सकाळच्या लख्ख उन्हात ताई अप्रतिम खेळली. तिचे सरळ फटके जमिनीला लागून सीमेपार जात होते आणि आईच्या शेजारच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. आई वाजवत नव्हती, पण तिचा चेहरा मी लांबूनही ओळखला. चहानंतर आभाळ भरून आलं. पाऊस नव्हता, नुसता काळवंडलेला उजेड. समोरच्या संघाची सर्वांत चांगली बॅट्समन खेळत होती, पण माझ्या बोलिंगपुढे ती चाचपडत होती. शॉर्ट लेगला कॅच उडणार हे सगळ्यांना दिसत होतं. ताई वाकून उभी होती. मी तिच्याकडे बघून विचारलं, "मागे होतेस का?" तिनं मान हलवली.

माझा एक बॉल आखूड पडला. बॅट्समननं मागच्या पायावर जाऊन तो सगळ्या ताकदीनं ओढला. बॉल ताईच्या कानाला चाटून गेला. तिचे केस उडालेले मला दिसले. आणि ताई हललीच नाही. खाली वाकली नाही, तोंड फिरवलं नाही, हात वर केला नाही. हातांची ओंजळ करून तशीच उभी. मैदानभर टाळ्या झाल्या. अंपायरसुद्धा म्हणाले, "काय छाती आहे पोरीची." बॅट्समन धावून आली, लागलं नाही ना म्हणून विचारू लागली. मी मात्र टाळी वाजवली नाही, कारण त्या सबंध मैदानात मला एकटीला ठाऊक होतं की ती घाबरली नाही याचं कारण काय आहे.

मी तिच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "ताई, बाहेर जा. पोट दुखतंय म्हणून सांग."

"का?"

"तुला तो दिसला नाही."

"दिसला. मुद्दाम नाही हलले. हललं की डाव त्यांचा होतो."

"ताई, तो डोक्यात बसला असता."

"बसला नाही ना. जा, बोलिंग टाक. पुढच्या दोन बॉलमध्ये कॅच येतोय माझ्याकडे."

तिचंही खरं होतं, कॅच येणारच होता. मी माझ्या खुणेपर्यंत परत गेले, बॉल हातात घेतला, आणि मला तो टाकता येईना. मी वळले आणि बारावी खेळाडू रोहिणीला आत यायची खूण केली. आता सगळ्याच जवळ आल्या. अंपायर काय झालं म्हणून विचारू लागले. ताई सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि मोठ्यांदा म्हणाली, "मी जाणार नाही. कॅप्टनला मला काढायचं असेल तर तिनं कारण सांगावं. इथे, सगळ्यांसमोर."

ती मला ओळखून होती. मी बोलणार नाही अशी तिची खात्री होती.

मी म्हटलं, "तिला दिसत नाही. पुष्कळ दिवसांपासून दिसत नाही."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट रोखून, जसं तिला समोरचं दिसायचं तसं. मग ती निघाली. तंबूपर्यंतचं सगळं अंतर ती ताठ मानेनं, न अडखळता चालत गेली. आईच्या खुर्चीजवळून गेली तेव्हा आई उठून उभी राहिली, पण ताईला ती दिसली नाही, आणि ती तशीच पुढे गेली.

आम्ही हरलो. रोहिणीला त्या जागेची सवय नव्हती. तिच्याकडे कॅच आला, तो तिनं सोडला, आणि त्या बॅट्समननं मॅच काढून नेली. मोघे सर मला म्हणाले, "जिंकलेली मॅच होती. संपल्यावर सांगितलं असतंस तर चाललं नसतं का?" नंतर बरेच दिवस लोक हेच म्हणत राहिले. आजच्या मुलींना ही हकिगत सांगितली तर त्यांना तो प्रश्नच कळणार नाही. त्यांच्याबरोबर डॉक्टर असतो, फिजिओ असतो, बॉल नुसता हेल्मेटला लागला तरी त्यांना तपासून मगच खेळू देतात. तेव्हा असं काही नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची मी होते, आणि समोर ताई. मला पुन्हा त्या जागी उभं केलं तर मी पुन्हा तेच करीन. पण तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी त्यानंतर कधी विसरू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा, आई आणि मी तिला सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. लोकलनं शिवाजीनगर आणि पुढे रिक्षा. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. अंधाऱ्या खोलीत यंत्रानं त्यांनी बराच वेळ तपासलं, मग बाहेर येऊन तिला समोर बसवलं. म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघा. मी बाजूनं बोट आणतो. दिसलं की हो म्हणा." त्यांनी हात पूर्ण लांब करून बोट हलवायला सुरुवात केली. ताई त्यांच्या नाकाकडे बघत राहिली. बोट हळूहळू जवळ येत होतं. तिच्या कानाच्या रेषेत आलं, गालाच्या रेषेत आलं. आई माझ्या शेजारी उभी होती. तिला ते बोट दिसत होतं, आप्पांना दिसत होतं, भिंतीशी बसलेल्या पेशंटनासुद्धा दिसत होतं. आईचे ओठ हलत होते, जणू लेकीच्या वतीनं आपणच हो म्हणावं. बोट डॉक्टरांच्या स्वतःच्या चेहऱ्याजवळ पोचलं तेव्हा ताई म्हणाली, "हो."

आई मटकन खाली बसली. "बादली," ती म्हणाली. "म्या बादलीपायी किती बोलली तुले."

डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचा आजार असल्याचं सांगितलं. जन्मापासून असतो, हळूहळू वाढतो, यावर औषध नाही. गाजरांनी काही होणार नाही. मग त्यांनी विचारलं, "आपलं दोघांचं लग्न नात्यातलं आहे का?" आप्पा म्हणाले, "मामाची मुलगी." डॉक्टर नुसते "हं" म्हणाले. त्यांनी दोष दिला नाही, उलट पुष्कळ घरांत असं होतं, आपण मनाला लावून घेऊ नका, असं समजावलं. मलाही तपासलं. माझे डोळे उत्तम होते. हे ऐकून कुणाला आनंद झाला असेल तर त्यानं तो दाखवला नाही. मला तर माझ्या डोळ्यांची लाज वाटली. परतताना आईला बुधवार पेठेत गणपतीपुढे थांबायचं होतं. आम्ही थांबलो. आई बराच वेळ समोर उभी राहिली, पण हात काही जोडले नाहीत, आणि मग म्हणाली, "चाला."

त्यानंतरचे महिने घरात फार वाईट गेले. आप्पा ओव्हरटाइम मागून घेऊ लागले. आईनं ओरडणं बंद केलं. ती ताईच्या वाटेतल्या वस्तू उचलत हिंडायची, बादली कोपऱ्यात, सूप खुंटीवर, आणि तरी कुठेतरी काहीतरी राहून जायचं. एकदा ताईचा पाय लागून ताकाची बरणी फुटली. आई धावत आली आणि मुकाट्यानं काचा वेचू लागली. ताई म्हणाली, "आई, ओरड की माझ्यावर." आईला ओरडता येईना. माझ्याशी मात्र ताई एक शब्द बोलत नव्हती. एका खोलीत झोपायचो, एका ताटाला बसायचो, मीठ हवं असलं तरी ती आईकडे मागायची.

अशात मला देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. बंगलोरला जायचं होतं. मी आईला सांगून टाकलं की मी जाणार नाही. आईनं कारण विचारलं नाही. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते, तर ताई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"जाणार नाहीस म्हणे."

इतक्या दिवसांनी तिचा आवाज माझ्याकडे वळला होता. मी म्हटलं, "नाही."

"माझ्यामुळे का?"

मी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मग लोकांना काय सांगशील? बहीण आंधळी झाली म्हणून खेळ सोडला? फार शोभेल." ती आत येऊन अंदाजानं पाटावर बसली. "हे बघ, तुला मी माफ केलेलं नाही. करीन की नाही ठाऊक नाही. पण तू घरी बसलीस तर रोज सकाळी उठून मला तुझं तोंड बघावं लागेल, जोवर दिसतंय तोवर. त्यापेक्षा तू जा."

ताई पुढे टेलिफोनच्या कामाचं शिक्षण घेऊन बँकेत लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. आज ती माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. मोबाइल तिला सगळं वाचून दाखवतो आणि ती त्याच्यावर खेकसते. तिनं मला माफ केलं का, हे मी अजून विचारलेलं नाही. लिही म्हणाली, त्यातच काय ते समजून घ्यायचं.

बंगलोरला जायची माझी गाडी दिवेलागणीची होती. पुणे स्टेशनवर मला पोचवायला आप्पा एकटेच येतील असं मी धरून चालले होते. अंधारात ताई घराबाहेर पडतच नसे, कारण पडायचं म्हणजे कुणाचा तरी हात धरावा लागे, आणि क्वार्टर्समध्ये सगळ्यांनी ते पाहिलं असतं. पण मी बॅग उचलली तेव्हा ती चपला घालून तयार होती. तिनं आप्पांच्या दंडाला धरलं आणि साबळेकाकूंच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्या बायकांसमोरून ती तशीच चालत गेली. स्टेशनवर आम्ही डब्यापाशी उभे राहिलो. आईनं दिलेल्या भाकऱ्या पहिल्याच दिवशी संपवू नकोस, असं आप्पांनी सांगितलं. गाडीनं शिटी दिली. मी आत जाऊन माझ्या खिडकीशी बसले आणि हाक मारली. फलाटावर गलका होता. ताईनं हाक ऐकली, पण ती कुठून आली ते तिला कळलं नाही. तिनं हात वर केला आणि हलवायला लागली, हसत, माझ्यापासून दोन खिडक्या पुढे, एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांकडे बघून. आप्पा तिला वळवायला गेले, तेवढ्यात मीच उठले. सामानातून वाट काढत त्या गृहस्थांपाशी गेले आणि म्हटलं, "जरा सरकता का?" ते सरकले. मी त्या खिडकीत बसले, गजांतून हात बाहेर काढला, आणि गाडी हलेपर्यंत ताई माझ्याकडे बघून हात हलवत होती.